भिंतीवरचे दाजी

१८ सप्टेंबर २००५, रविवार

भाचा अक्काला सायखेड्याहून घेऊन आला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, बोलताना घड्याळाकडे बघणारा. म्हणे दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग, कडेकडेचंच दिसतं. "मोठं असेल ते दिसेल आजींना. तेही किती टिकेल, सांगता येणार नाही." सांगता येत नाही तर पाटीवर नावामागे एवढी अक्षरं कशाला?

घरी आल्यावर भाच्याच्या लग्नाची कॅसेट लावली. अक्काची दरवेळी हीच मागणी. दाजींना जाऊन तीन वर्षं झाली. फोटोला म्हणून कधी उभा न राहिलेला माणूस, त्यामुळे चालते-बोलते दाजी जगात एवढ्या कॅसेटमध्येच उरलेत. चौदा मिनिटं. अक्का एकवीस इंची टीव्हीपुढे वीतभर अंतरावर बसली. मान डावीकडे, मग उजवीकडे, कोंबडीसारखी. मग थांबली. "असू दे बापू. ऐकू तं येतंय."

ठरवलं. दाजी भिंतीएवढे करायचे. भाऊबीजेच्या आत. दरवर्षी ओवाळणीत साडी घालतो, यंदा तिला रंगसुद्धा कळणार नाही.

२१ सप्टें.

क्लासवाल्याच्या माळ्यावरून ओव्हरहेड प्रोजेक्टर आणला. पारदर्शक कागदावर लिहून भिंतीवर दाखवायचं जुनं यंत्र. आतलं भिंग उत्तम आणि ती ताटाएवढी सपाट रेघारेघांची काचही. पोरांना शिकवणाऱ्या माणसाला आपल्या माळ्यावर काय आहे ते ठाऊक नव्हतं. "अडगळ गेली, बरं झालं," म्हणाला.

तत्त्व सोपं आहे. मागे दिवा, मध्ये कॉम्प्युटरच्या सपाट मॉनिटरची नुसती काच, पुढे भिंग. व्हीसीआर त्या काचेला जोडायचा. असलं काही मी जन्मात केलेलं नाही. पण सातपूरच्या टूलरूममध्ये इंजिनिअर मंडळींच्या ड्रॉइंगमधल्या चुका चोवीस वर्षं मीच काढल्या. दहावी नापास माणसाने.

२५ सप्टें., रविवार

सकाळी नेट कॅफेत. कुठल्या कुठल्या देशांतले लोक घरी प्रोजेक्टर बनवून त्याचे फोटो टाकतात. अकरा पानं छापून घेतली. इंग्रजी भिकार, मापं त्याहून भिकार. एकजण "साधारण पाच इंच" लिहितो. साधारण!

दुपारी साडू. मधुकर मार्केटिंगमध्ये आहे, म्हणजे काय ते त्यालाच माहीत. सौ.ने आमचं गुपित त्याला ताबडतोब सांगून टाकलं.

"वसंतराव, थेटर काढताय म्हणे! अहो आमच्या ऑफिसचा प्रोजेक्टर आहे की. ब्रीफकेसएवढा. भाऊबीजेला घेऊन येतो, बटण दाबलं की दाजी हजर."

म्हटलं, "भावाने घालायची ओवाळणी तुमच्या ऑफिसची?"

"अक्कांना दिसण्याशी मतलब ना?"

बटण दाबणाऱ्यांशी बोलायचं काय.

तो गेल्यावर सौ. म्हणाली, "त्यांचं काय चुकलं?" मी छापील पानं चाळायला घेतली.

२९ सप्टें.

मॉनिटर मिळाला, पंधरा इंची. दुरुस्तीवाल्याकडे मेलेला पडला होता. मेला होता फक्त त्याच्या मागचा दिवा, काच ठणठणीत. तो म्हणाला, "काका, हे उघडून काही होत नसतं." त्याच्यासमोर चार स्क्रू काढून दाखवले. पाचवा त्याला सापडलाच नव्हता, म्हणून होत नसतं.

पेटी पाऊण इंची प्लायची. सुताराला हात लावू दिला नाही. काटकोन सगळे तपासले. चारशे वॉटचा दिवा बसवला, दुकानाच्या पाटीवर मारतात तो. दोन पंखे.

२ ऑक्टो., रविवार

काचेवर एक खरखरीत पातळ कातडं असतं, चकाकी मारू नये म्हणून. ते काढलं तर चित्र स्वच्छ येतं असं छापील पानात आहे. ओलं फडकं ठेवायचं, चार तास थांबायचं, मग कोपऱ्यातून सावकाश सोलायचं. सोललं. अख्खं निघालं, कुठे फाटलं नाही.

खाली अजून एक थर होता, कडेला किंचित सुटलेला. गोंदाचा राहिलेला. त्या लोकांनी तसाच ठेवला असणार, अर्धवट कामाची जात. मी तोही काढला. मग स्पिरिटने पुसून घेतली. काच आता आरशासारखी. सौ.ला बोलावून दाखवली.

३ ऑक्टो.

काच जोडली. पांढरी. व्हीसीआर चालू, दाजींचा आवाज येतोय, काच पांढरी.

वायर बदलली. पांढरी.

४ ऑक्टो.

पांढरी. पानं परत वाचली. सातव्या पानावर, तळाला, बारीक अक्षरांत: खालच्या थराला हात लावू नये. चित्र त्याच थरामुळे दिसतं.

हे असलं वाक्य पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत टाकायची अक्कल जगात एकालाही नाही.

सोललेला थर कचऱ्यात शोधला. घंटागाडी सकाळीच येऊन गेली.

७ ऑक्टो.

सौ.: "काय झालं त्याचं?"

मी: "चाचण्या चालू आहेत."

दसरा

सोनं वाटायला मधुकर आला. घरात गॉगल. बाहेर ऊन, म्हणून घरात गॉगल. दुबईहून कुणीतरी आणून दिलेला, हे त्याने गेल्या दिवाळीतही सांगितलं होतं. आपट्याची पानं हातात दिली, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," आणि सरळ माझ्या टेबलाशी. काच उभी होती, मागे टेबललॅम्प, व्हीसीआर चालू. झाकायला वेळ मिळाला नाही.

"अरे वा! दाजी!"

म्हटलं, चेष्टा पुरे.

"चेष्टा कसली, हे काय, फेटा बांधतायत ना." त्याने मान तिरपी केली. "असं केलं की झकास दिसतं. आणि असं केलं की काळ्याचं पांढरं. हे मुद्दाम केलंय का?"

मी बघतोय ती कोरी काच. हा माणूस, ज्याला फ्यूज आणि बल्ब यांतला फरक कळत नाही, तो उभा राहून दाजींना बघतोय आणि मला दाजी दिसत नाहीत. त्याच्या गॉगलकडे बघितलं. मग कळलं. मी सोलला तो थर आणि ह्याच्या गॉगलची काच, दोन्ही उजेड गाळणारे, जात एकच.

त्याला म्हणालो, "हो. मुद्दाम."

१३ ऑक्टो.

मधुकरच्या घरी गेलो. त्याच्या घरी मी सहसा जात नाही. म्हटलं, स्कूटरवर डोळ्यांना ऊन लागतं, गॉगल द्या काही दिवस. त्याने खोक्यासकट दिला. "वापरा हो, तुमचाच आहे." खोटं बोललो. तांत्रिक कारणासाठी.

सायंकाळी काच फ्रेममधून काढली. डावी.

१६ ऑक्टो., रविवार

अख्ख्या पॅनेलला, म्हणजे मॉनिटरच्या काचेला, पुरेल एवढा गॉगल जगात नाही. पण भिंगाजवळ सगळा उजेड लिंबाएवढा गोळा होतो. तिथे गॉगलची काच पुरते. हे अकरा पानांत कुठेही नाही, मी काढलं. पितळेची कडी करून तिच्यात बसवली, कोन जुळेपर्यंत फिरवली.

भिंतीवर चित्र! सहा फूट बाय साडेचार. सौ. पोळ्या टाकून आली. "अगं बाई," म्हणाली, "दाजींच्या शर्टाचं बटण दिसतंय."

२० ऑक्टो.

चित्र डाव्याचं उजवं आहे. आरशातल्यासारखं.

कारण माझ्या लक्षात आलं आहे. पॅनेलची उघडी पडलेली बाजू भिंगाकडे ठेवावी लागते, नाहीतर गॉगलची काच काम करत नाही. आणि तशी ठेवली की चित्र उलटं पडतं. सरळ करायचं तर वाटेत आरसा. सौ.च्या कपाटाचा आरसा काढून लावला. साध्या आरशाला काचेचा एक आणि पाऱ्याचा एक असे दोन पृष्ठभाग, म्हणून प्रत्येक माणूस दोनदा. दाजींना दोन नाकं.

सौ.: "उलटं तर उलटं, कोणाला कळतंय?"

मला कळतंय.

पण अक्काला नाकं मोजायला लावायची? दुहेरी चित्रापेक्षा उलटं बरं. आरसा परत लावला. कपाटाला आता एक ओरखडा आहे. हिने पाहिलेला नाही.

३० ऑक्टो., रविवार

पूर्ण चाचणी. सहा मिनिटांनंतर पितळी कडीला हात लावता येत नाही. दोन पंखे कमी. तिसरा लावला. आठ मिनिटं. दाजींची चौदा आहेत.

मधुकरचा फोन. "भाऊबीजेला येतोच आहोत. आमचा प्रोजेक्टर गाडीत टाकून ठेवतो, असू दे."

म्हटलं, "गाडीत जागा अडेल."

भाऊबीज

सगळं लिहून ठेवतो, क्रमाने.

दुपारी तीन. खिडक्यांना गोधड्या. अक्काने ओवाळलं, कुंकू कपाळाच्या जरा वर लागलं, बोट चाचपडलं. ताटात मी काही घातलं नाही. म्हटलं, "तुझं भिंतीवर आहे." खुर्ची भिंतीपासून पाच फुटांवर, मी मोजून खूण केली होती. मधुकर दिवाणावर, चकलीचा आवाज करत.

दिवा लावला. तापायला तीन मिनिटं लागतात. मधुकर: "जाहिराती चालू आहेत वाटतं." मग कॅसेट.

आली. मध्यभागी लख्ख, कोपरे निळसर. मांडवाच्या पाटीवरची अक्षरं उलटी दिसली असती, म्हणून तो भाग मी आधीच गाळला होता. नवऱ्याकडचे लोक नवरीच्या बाजूला बसलेत आणि खोलीतल्या एकालाही पत्ता नाही. मधुकर दोनदा "वा" म्हणाला. ह्या लोकांसमोर काही बनवायचं म्हणजे.

अक्का मान हलवत नव्हती. मग म्हणाली, "आता फेटा बांधत्यात बघा. पाहुण्याचा." भिंतीवर तेव्हा बँडवाले होते. फेटा पुढे, दोन मिनिटांनी. मग म्हणाली, "आता आचाऱ्याला वरडत्यात, वरण पातळ केलं म्हून." आचारी नव्हता, नवरीची आई होती.

कळलं. बाई पाठ म्हणते आहे. तीन वर्षं ऐकलेली कॅसेट. तिला दिसत नाही. दीड महिना, पेटी, कडी, काच, आणि ती माझं मन राखायला पाठ म्हणते आहे. मी पेटीच्या मागे उभा होतो. कोणाला तोंड दिसलं नाही, ते एक बरं.

सातव्या मिनिटाला फेटा आला. दाजी पाहुण्याच्या डोक्यावर गुंडाळतायत, मनगट पुढे. अक्का खुर्चीतून थोडी पुढे झाली.

"आरं, ह्यांनी घड्याळ ह्या हातात कवा घातलं?"

आणि तिने उजवा हात वर केला.

मधुकर हसला. "अक्का, डावाच हात आहे तो. घड्याळ डाव्याच हातात घालतात."

"नाय. उजव्या हातात हाय. आन फेटा बी उलटा गुंडाळत्यात."

"अहो अक्का, तुम्हाला..."

"मला काय? त्यांचा हात मी वळखत नाय?"

मी म्हणालो, "मधुकर, गप्प बसा." एवढंच म्हणालो. खोलीत एकीलाच दिसत होतं.

मग वास. चित्राच्या मधोमध पिवळा डाग, मग तपकिरी, मग दाजींचा चेहरा पसरट झाला आणि गेला. भिंत पांढरी. आवाज चालूच. दिवा बंद केला. पेटीचं झाकण उघडलं, कडीतली काच पापडासारखी वळलेली. मधुकर डोकावला.

"हा तर... वसंतराव, हा माझा गॉगल!"

"होता," म्हटलं.

त्याला राग यायला हवा होता. तो हसत सुटला, डोळ्यांतून पाणी. "ऊन लागतं म्हणे स्कूटरवर!" सौ.ही हसली. मग तो म्हणाला, "अहो अजून सहा मिनिटं राहिलीत ना? खाली गाडीत आहे, आणू?"

सगळे माझ्याकडे. अक्कासुद्धा, थोडी कडेने बघत.

म्हटलं, "आज नको. दिवा गरम आहे." ह्या वाक्याला अर्थ नाही, मला ठाऊक आहे.

भाऊबीजेचा दुसरा दिवस

अक्का रविवारी चारच्या एसटीने जाणार. पुढच्या खेपेला डोळ्यांत काय उरलेलं असेल, तो डॉक्टर सांगत नाही.

राहिलेल्या सहा मिनिटांत दाजी एकदाच कॅमेऱ्याकडे बघतात. "बंद कर ते," म्हणतात. आवाज अक्काला पाठ आहे. चेहरा कालही बघायचा राहिला.

उजवी काच शिल्लक आहे. नवी कडी, चौथा पंखा, कॅसेट थेट त्या सहा मिनिटांवर: जमतं. काच टिकते. पण उलटंच. सरळ करायचं तर पुढच्या बाजूला पारा लावलेला आरसा हवा. नाशकात चार ठिकाणी विचारलं. चौथा म्हणाला, "आरसा पुढून काय आणि मागून काय, तोंड तेच दिसतं." ह्यांच्या हाती दुकानं आहेत.

मधुकरचा गॉगल, एका डोळ्याचा, टेबलावर. त्याच्या शेजारी मधुकरचा फोन नंबर. नंबर मला पाठ आहे, उगाच लिहिला.

अक्का मघाशी चहाचा कप घेऊन आली, पेटी चाचपली. कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "गुळगुळीत केलीस." मग म्हणाली, "बापू, ते सरळ दिसतील का रे उद्या? तसे नव्हते ते."

म्हटलं, "दिसतील."

कशाने, ते तिने विचारलं नाही.