ताई पुढच्या दाराने

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. साष्टांग आता माझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, म्हणून मनातल्या मनात घातला.

शाळा सुटली की पायऱ्यांवर बसवून तू माझ्या बुटांच्या नाड्या बांधायचीस, आठवतं? सिस्टर दारात उभ्या, आणि तू दुहेरी गाठ मारत बजावायचीस की घरापर्यंत सुटली तर कान उपटीन. काल नव्या घराच्या पायऱ्या आखताना तेच डोळ्यांसमोर आलं.

भिंती उभ्या राहिल्या, आता पुढच्या पायऱ्या तेवढ्या बाकी. पहिली पाहुणी तू. काळजी नको, मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, तुझ्या चाकाच्या खुर्चीसाठी उतार करतोय. आजारपणापासून तू कुणाकडे जाणंच सोडलंस. माझ्याकडेही आली नाहीस, तर हे घर मला खायला उठेल.

तुझी वाट पाहणारी,
चिमणी

११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

साठी उलटली तरी तुझी नाडी सुटलेलीच. मागच्या दाराने गॅसचं सिलिंडर येतं, बाई. मी नाही येणार.

रागावू नकोस. आजारपणानंतर एकदाच दादाकडे गेले होते. उंबरठ्यावरून खुर्ची चढवायला माझी फळी मी बरोबर नेली होती, पण जिन्यापुढे तिचं काय चालणार! भाचा आणि शेजारी मला खुर्चीसकट उचलून नेत होते, आणि दादा वरून ओरडत होता की डावीकडून घ्या, कोपरा सांभाळा. कपाटसुद्धा लाजलं असतं. वर वहिनीने केलेला चहा मी घेतला नाही. तिला वाटलं, माझ्या मनात अढी आहे. अगं, त्यांच्या बाथरूमचं दार माझ्या खुर्चीहून अरुंद. जिथे जायची सोय नाही, तिथे घोटभर पाणीही प्यायची भीती वाटते. हे चारचौघांत कसं सांगणार? तुला सांगितलं. घराचे फोटो पाठव, त्यावर समाधान मानीन.

तुझी,
ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला, हात सिमेंटने भरले होते. तुझं पत्र वाचून रडले, मग उठले आणि पायऱ्याच रद्द केल्या. ठेकेदार म्हणाला की पुढच्या दाराला ना पायरी ना उंबरठा, हे घर की गोदाम? पाणी आत आलं तर मला बोलायचं नाही. मी म्हटलं की फाटकापासून वाट हळूहळू चढवत आण आणि दारापुढे जाळीची नाली काढ. धुसफुसला, पण मग पाणसळ लावून स्वतःच उतार तपासत बसला.

बाथरूमची भिंत पाडायला हे तयार नव्हते. तिथे यांचं पुस्तकांचं कपाट यायचं होतं. मी दवाखान्यातून चाकाची खुर्ची मागून आणली आणि म्हटलं, बसा, जाऊन दाखवा. गेले, आणि दारातच अडकले. ना आत, ना बाहेर. तिथूनच ठेकेदाराला हाक मारून म्हणाले की भिंत पाड, पण आधी मला काढ! आता तिथे ऐसपैस सरकतं दार आहे.

रविवारी ये. दादा-वहिनीही आहेत. आणि घरून चहा पिऊन निघ.

तुझी,
चिमणी

२९ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

चहा पिऊनच निघाले होते! टॅक्सीवाल्याने फाटकाशी उतरवलं, पुढे मी त्याला येऊ दिलं नाही. वाट चढली चाकांनी, फुशारकी माझी. बेल थेट हाताशी. किती वर्षांनी मी स्वतः कुणाची बेल वाजवली! म्हणून उगाचच पुन्हा वाजवली. तू दार उघडून नीट बघेपर्यंत मी आतसुद्धा आले होते.

दोन कप चहा घेऊन मी तिसरा मागितला, तेव्हा वहिनी बघतच राहिली. तू तिच्या कानात काय सांगितलंस कोण जाणे, निघताना तिने माझा हात सोडला नाही. आणि बाथरूमचं ते दार आतून लावल्यावर, काम झालं तरी मी जरा वेळ तशीच हसत बसून राहिले. बाहेर तुम्ही घाबरला असाल, तर घाबरा!

लोभ पहिल्यापासून आहेच. त्यात चहाची भर पडत राहो.

तुझी,
ताई

ता. क. माझी फळी मुद्दाम तुझ्याकडे सोडून आले. ती मेहुण्यांना दे, त्यांच्या पुस्तकांना होईल. घराचा नकाशा दादाला दे; सांग, बाथरूमपासून सुरुवात कर. ठेकेदाराला माझा आशीर्वाद. माझा मोठा कप मात्र कुणालाही द्यायचा नाही. विसळून पालथा ठेव, रविवारी येतेय.