कठड्यावरचा टॉवेल

सोमवार

उशिरा लिहायला बसलो म्हणून रागावू नकोस. रोज लिहा म्हणालीस खरं, पण बोटीवर पाय ठेवल्यापासून पोट ताळ्यावर नव्हतं. सूनबाई हसली. म्हणाली, बाबा, माशांना जेवू घालायला आलात का! आज दोन घास टिकले.

जागा मात्र बघत राहावी अशी. बेटाच्या कुशीत निवांत पाणी, तळाची वाळू दिसावी इतकं नितळ. शिडाची ही बोट आपल्या स्वयंपाकघराहून जरा मोठी. मागे माझी झोपायची जागा, मधे स्टोव्ह, पुढे छोटी केबिन. ती बंदच असते. ती आपल्या पोराची.

इथे एक रीत आहे. पाण्यात उतरणाऱ्याने आपला टॉवेल कठड्याला बांधायचा आणि वर आल्यावर स्वतःच सोडायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. टॉवेल आहे तोवर माणूस पाण्यात, आणि तोवर नांगर उचलायचा नाही. आपल्या बेडक्याचा लाल पट्ट्यांचा टॉवेल अजून तिथेच आहे. वर्ष झालं त्याला बुडून, सापडला नाही तो नाहीच. टॉवेल उन्हाने पार विटलाय. सुनेला घरी घेऊन या म्हणालीस, पण विषय काढायला जीभच उचलत नाही.

बुधवार

आज तिने मलाही पाण्यात उतरवलं. कमरेला रबरी कडं, डोळ्यांना काच, तोंडात नळी. गावातून होडीने पिण्याचं पाणी घेऊन येणारा पाणीवाला माझं ध्यान बघून म्हणाला, आजोबा, मासे घाबरून पळतील हो!

पण पाण्यात डोकं घातलं आणि काय सांगू! पिवळे, निळे मासे, पोवळ्यांची रानं. यासाठीच पोरगा तासन्‌तास पाण्यात राहायचा. लहानपणी तू हाका मारून थकायचीस, म्हणून तर बेडक्या नाव पडलं. काचेच्या आतच डोळे भरले, पुसताही येईनात.

वर आल्यावर धीर करून म्हटलं, घरी चल पोरी. ती म्हणाली, ते पाण्यात आहेत बाबा. नांगर कसा उचलू?

शुक्रवार

सूनबाई पाणीवाल्याबरोबर गावात गेली. तेवढ्यात मी टॉवेल सोडला. तोच तिला बांधून ठेवतोय असं मनाने घेतलं होतं. गोड्या पाण्यात धुतला, वाळवला, घडी करून माझ्या गादीखाली ठेवला.

ती आली. मोकळा कठडा बघून ओरडेल, रडेल, या तयारीत मी बसलो होतो. तिने हळूच विचारलं, आले का? झोपलेत का?

आणि तीन ताटं वाढली. मला खरं सांगता आलं नाही.

शनिवार

दुपारी शिडीच्या पायऱ्या ओल्या. आम्ही दोघंही पाण्यात उतरलो नव्हतो. पुढच्या केबिनला आतून कडी. गादी उचलून पाहिली. टॉवेल चिंब, मिठाने खरखरीत.

केबिनमधून आवाज येतो. नळीतलं पाणी फुर्रकन फुंकल्याचा. तो तसाच फुंकायचा, आठवतं ना?

दाराशी बसून हाक मारली. आवाज थांबला. मग आतून म्हणाला, बाबा, टॉवेल. लहानपणी न्हाणीघरातून मागायचा ना, अगदी तसा. मी रडलो गं. आनंदानेच रडलो.

रविवार

नांगर उचलला. शीड लावताना सूनबाई गुणगुणते. सगळे आले म्हणते. घरी येतोय आम्ही —

टॉवेल द्यायला गेलो. दार थोडं उघडलं. हात बाहेर आला. गार होता, ते चालेल. पण इस्त्रीने भाजलेला डाग — मनगटावरचा — तू महिनाभर मलम लावत होतीस तो — नाही. दुसराही हात पाहिला. नाही.

टॉवेल घेऊन मागे पळालो. दाराला आतून पुन्हा कडी लागली.

नांगर टाकला होता ती जागा दूर जातेय. तिथे पाण्यावर नळीचं टोक — कुणीतरी पाय मारत मागून येतंय. आपल्यालाच गाठायला. मागे पडतंय —

सूनबाईला ओरडून सांगितलं. म्हणाली, असं काय करता बाबा, ते तर आत आहेत.

टॉवेल परत कठड्याला बांधला. ती बघतच नाही. बोट थांबत नाही.

आत बाबा, बाबा चाललंय. आणि मागे तो — दमला असेल गं —

तू आई आहेस. तुला कळेल. कुणाला बोलावू, सांग. पाणीवाल्याकडे लवकर निरोप पाठव, लवकर. नळी आता दिसत — केबिनची कडी निघाली —