‘परत’ म्हणण्याचा सराव

३ मार्च, मंगळवार

मोज्यांतही डावा-उजवा असतो, असं आज मला अधिकृतरीत्या कळवण्यात आलं. आजवर पायांत भेदभाव केला तो बुटांनी. मोजे बिचारे समदर्शी होते. तीही समता गेली! दुकानदाराने आतून शिवलेलं चिन्ह दाखवलं आणि हिनं — जिच्यापायी हे सगळं चाललंय तिनंच — चारचौघांत बजावलं, "नीट बघून ठेवा, नाहीतर उलटे घालाल." सत्तावीस वर्षं वार्ताहर म्हणून काढली, भल्याभल्यांना प्रश्न विचारून घाम फोडला. मोज्यापुढे हात टेकले.

असो. शिखराचं नक्की झालं. एप्रिलअखेर.

४ मार्च, बुधवार

हे झालं कसं, ते एकदा लिहून ठेवतो. गेल्या हिवाळ्यात ही न्यूमोनियाने अकरा दिवस इस्पितळात होती. खाटेवरून ते पांढरं शिखर दिसायचं. नवव्या दिवशी म्हणाली, "बरी झाले की तिथे जाऊ." मी म्हटलं, "जाऊ." त्या घटकेला ती चंद्रावर जाऊ म्हणाली असती तरी मी डबा भरायला घेतला असता!

आता डॉक्टरांनी फुप्फुसं तपासून "खुशाल जा" म्हटलंय. म्हणजे मला पळवाट नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. इस्पितळात जायच्या आधी तिला सहा दिवस ताप होता. ताप अंगावर काढत शाळेत गणित शिकवत होती. मी घरात, समोर — आणि मला पत्ता नाही. का सांगितलं नाहीस? तर म्हणे, "तुमचा दौरा ठरला होता. सांगितलं असतं तर तुम्ही गेला नसता."

अर्थात गेलो नसतो!

८ मार्च, रविवार

गाईड घरी येऊन गेली. तिशीची, ठेंगणी, उन्हाने रापलेली. आवाज असा की आमच्या गणिताच्या बाई हातांची घडी घालून बसल्या. मी तिचं नाव 'हेडबाई' ठेवलंय. ती आम्हाला काका-काकू म्हणते, पण सुरात आदर कमी आणि जबाबदारी जास्त.

तिचे नियम. वसंतातला बर्फ पहाटे दगडासारखा, दुपारी भिजल्या कापसासारखा. म्हणून डोंगरावरच्या निवाऱ्यातून तीनला निघायचं आणि अकराच्या ठोक्याला — शिखर दहा पावलांवर असलं तरी — मागे फिरायचं. हिमस्खलनाचा इशारा रोज संध्याकाळी येतो, एक ते पाच अंकांत. दोनच्या वर असेल तर निवाऱ्यात पत्ते खेळायचे. नवा बर्फ पडला तर तीन दिवस थांबायचं. वेळापत्रक आमच्या मुलीकडे ठेवायचं. दुपारी दोनपर्यंत फोन आला नाही तर तिनं कुणाला कळवायचं, तेही त्यावर लिहायचं.

मी म्हटलं, "हे हिमशिखरारोहण आहे की प्रायश्चित्त?"

"काका, एवढा लांब शब्द वर बोललात तर दम लागेल."

ही इतकी हसली की खोकला येईल म्हणून मी पाणी आणायला धावलो. खोकला आला नाही. पाणी मीच प्यायलो.

आणि शेवटचा नियम. "तिघांपैकी एकानं 'परत' म्हटलं की तिघं परत. कारण विचारायचं ते खाली आल्यावर. काकू, म्हणून दाखवा."

ही गप्प.

"काकू?"

"तशीच वेळ आली तर म्हणेन की."

"तशी वेळ आली की कुणी म्हणत नाही. लाज वाटते. दुसऱ्याचा विरस होईल असं वाटतं. म्हणून आत्तापासून सवय करा. रोज एकदा."

 ह्या बाईच्या हाती दोर द्यायला आपली हरकत नाही, असं तिथेच ठरवून टाकलं.

१५ मार्च, रविवार

आठ दिवसांत ही एकदाही 'परत' म्हणालेली नाही. सिनेमा भिकार होता, शेवटपर्यंत बसली. दुकानात पाऊण तास रांग, उभी राहिली.

म्हणून आज मी डाव टाकला. फिरायला निघालो, नदीवरचा पूल ओलांडला, गोदामं मागे टाकली, आणि ठरवलं की ही म्हणेपर्यंत वळायचं नाही. तिला शंका येऊ नये म्हणून बोलत राहिलो. समास झाले, संधी झाले, लहानपणी शास्त्रीबुवांनी शब्दरूपं चुकल्यावर दिलेल्या छड्या झाल्या. ही "हं", "हो का", "मग?" करत बरोबर. शेवटी रस्ताच संपला! समोर कुंपण, कुंपणावर कुत्रा.

घरी येऊन तिनं बूट काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड.

"कधीपासून दुखतंय?"

"पुलापासून."

"अगं, मग म्हणायचं ना!"

"तुम्ही रंगात आला होतात."

फोडाला मलम मी लावलं.  तिथे वर, दोराला बांधलेली असताना, श्वास पुरेनासा झाला आणि माझा विरस नको म्हणून ही अशीच "हं, हो का" करत चढत राहिली तर?

२२ मार्च, रविवार

घसरल्यावर स्वतःला कसं थांबवायचं, याचा सराव. पोटावर वळायचं आणि बर्फाची कुऱ्हाड छातीखाली दाबून रोवायची. कुऱ्हाडी हेडबाईकडे, म्हणून आम्ही छत्र्या घेऊन बागेच्या उतारावर गेलो. गवत ओलं. ही तीन वेळा झकास थांबली. मी प्रत्येक वेळी खालच्या बाकापर्यंत गेलो.

माळी कारंज्यापाशी उभा राहून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "बाई, काही भांडण आहे का? साहेबांना ढकलताय ते?"

"अजून नाही," ही म्हणाली.

२७ मार्च, शुक्रवार

आज लिहिण्यासारखं काही नाही.

२ एप्रिल, गुरुवार

मुलीचा फोन. वेळापत्रक मिळालं म्हणाली. "बाबा, हे वेळापत्रक आहे की अग्रलेख? चार पानं! 'यदाकदाचित' तीन वेळा आलंय." मग आवाज बारीक करून, "आई सांगेल ना, नाही झेपलं तर?"

शिकवतोय, म्हटलं.

११ एप्रिल, शनिवार

म्हणाली!!

हेडबाईने आज खालच्या हिमउतारावर नेलं — खऱ्या चढाईआधीची तालीम. बुटांना लोखंडी काटे, कमरेला दोर. पुढे हेडबाई, मध्ये मी, मागे ही. बर्फ घट्ट, ऊन कोवळं, आभाळ असं निळं की विशेषण शोधायचा मला कंटाळा आला. डोंगराची धार वीसेक मिनिटांवर राहिली होती. आणि मागून, स्वच्छ, वर्गात सांगतात तशा आवाजात — "परत."

हेडबाई एका शब्दाने काही न विचारता वळली. मीही वळलो. हिचा चेहरा पाहिला: लाल, शांत. ना धाप, ना खोकला. माझ्या मनात आलं, पठ्ठीने दम लागायच्याही आधी सांगितलं! महिनाभराचं शिकवणं फळाला आलं. उतरताना तिचा हात धरून ठेवला. दोरात पाय अडकेल म्हणून हेडबाई दोनदा ओरडली, तरी सोडला नाही.

घरी आल्यावर मुलीला फोन करून सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ही शेजारी बसून ऐकत होती. मध्ये एकदाही बोलली नाही. कारण विचारायचं राहूनच गेलं.

१२ एप्रिल, रविवार

आज विचारलं.

म्हणाली, "मला काहीच होत नव्हतं. तुम्ही बोलायचे थांबला होतात. नऊ वळणं मोजली मी. एक शब्द नाही."

माझ्या छातीवर कुणी वीट ठेवल्यासारखं होतं. तीन आठवडे होतंय, जिना चढतानासुद्धा. तिला सांगितलं नव्हतं. या वहीतही लिहिलं नाही. आज सांगितलं. तिनं उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

हिला एकटीला मागे ठेवून जावं लागेल का, याची मला फार भीती वाटते.