तिसऱ्यांदा उघडलेली पोथी

प्रिय अण्णा,

आज दुपारी आईला ऑपरेशन करून बाहेर आणलं. भूल पुरती उतरायच्या आतच तिने विचारलं, "तुझ्या अण्णांना कळवलंस का गो?" तुम्हाला जाऊन आंब्याचे दोन हंगाम झाले, हे त्या क्षणी तिच्या ध्यानातच नव्हतं. मी म्हटलं, "कळवते." म्हणून रत्नागिरीच्या या दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून लिहिते आहे. पण कळवायचंच आहे, तर सगळंच कळवीन. तुम्हाला आवडो न आवडो!

आईच्या छातीत गाठ होती. पावसाळ्यापासून तिला ती हाताला लागत होती आणि आम्हाला कळली दिवाळीनंतर. का लपवलीस, म्हणून मी ओरडले तर म्हणाली, "आता पोथी कोण उघडणार? यांच्याशिवाय कसं ठरवायचं?" अण्णा, हे शिकवून ठेवलंत तुम्ही तिला!

लहानपणी मला त्या पोथीचं केवढं अप्रूप होतं. विहीर कुठे खणायची, दारातला फणस तोडायचा की ठेवायचा, काहीही ठरवायचं असलं की तुम्ही अंघोळ करून लाल वस्त्रातली पोथी चौरंगावर घ्यायचात. डोळे मिटून पान उघडायचात आणि बोट पडेल ती ओवी मोठ्याने वाचायचात. आम्ही श्वास रोखून बसायचो. मग तुम्ही अर्थ सांगायचात. देव बोलायचा खरा, पण त्याचा अर्थ लावणारे नेहमी तुम्हीच!

मला मुंबईला नर्सिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा नदी सागराला मिळते अशी काहीशी ओवी निघाली. मी आनंदाने उडीच मारली. आणि तुम्ही काय म्हणालात? "समुद्र काय मुंबईलाच आहे? आपल्या पावस गावाला नाही?" झालं! मी इथेच राहिले, शाळेत शिकवायला लागले. माझं वाईट झालं नाही, अण्णा. पण मुलगी लांब जाईल म्हणून जीव घाबरतो, एवढंच सरळ सांगितलं असतंत तर? मी तुमच्याशी भांडले तरी असते. देवाशी कशी भांडणार?

तरी ते मी विसरले होते. तुमच्या छातीच्या दुखण्याचं मात्र विसरता येत नाही.

डॉक्टरांनी किती समजावून सांगितलं होतं. कोल्हापूरला जा, बायपास करून घ्या, आणखी दहा वर्षं झाडावर चढाल. तुम्ही मान डोलावलीत, घरी आलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोथी काढलीत. मी शाळेतून येईपर्यंत निकाल लागला होता. "आहे ती जागा सोडू नये, असं आलंय. विषय संपला."

"अण्णा, ते ध्यानाला बसणाऱ्यासाठी लिहिलंय. तुमच्या हृदयासाठी नाही!"

तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. आणि वैशाखात एका सकाळी, आंबे काढायची घळ हातात असतानाच, तुम्ही कलमाखाली कोसळलात. लोक समजूत घालायला आले. म्हणाले, देवाची इच्छा. मीही तेच धरून बसले होते, गेल्या सोमवारपर्यंत.

सोमवारी आईने पोथी आणून माझ्या मांडीवर ठेवली. "उघड. ऑपरेशन करू की नको, तेवढं बघ." मी ती बाजूला सारली. म्हटलं, "एकदा अण्णांसाठी उघडली तेवढी पुरे झाली."

आईने पोथीचं लाल वस्त्र नीट केलं. मग म्हणाली, "एकदा नाही गो. तीनदा उघडली होती."

पहिल्यांदा उघडली तेव्हा आलं, विलंब करू नकोस. तुम्ही पोथी मिटलीत. दुसऱ्यांदा आलं, पैलतीरी जा. पुन्हा मिटलीत. तिसऱ्यांदा तुम्हाला हवं ते आलं. मग आईचा हात घट्ट धरून म्हणालात, "मंजूला सांगू नकोस."

अण्णा! दोनदा जा म्हणून सांगितलं हो त्याने! आणि मी दोन वर्षं देवाला बोल लावत बसले!

तुम्ही घाबरला होतात. छाती फाडायची म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? ते मला सांगायला काय झालं होतं? मी रजा टाकून तुमच्याबरोबर आले असते, ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत तुमचा हात सोडला नसता. ते करायची संधी तुम्ही मला दिली नाहीत, याचा राग आहे मला. आणि आईच्या माथी एवढं गुपित मारून गेलात, त्याचा त्याहून जास्त.

मी आईला विचारलं, "पोथी राहू दे. तुला काय वाटतं?"

या घरात तिला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, अण्णा. मीसुद्धा नाही.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. "खूप वाटते. पण मला जगायचंय. चल, करून टाकू."

इतकंच. ना चौरंग, ना डोळे मिटणं. आणि आज ती आत जाताना रडली, मीही रडले, आणि तरी ती आत गेली.

गाठ निघाली आहे. तपासणीचा रिपोर्ट यायचाय. तो कसाही येवो, अण्णा, तो आधी आईला कळेल, जसा असेल तसा. पुढे काय करायचं ते ती ठरवील. आणि ऐकताना मला भीती वाटली, तर ती मी तिच्यापासून लपवणार नाही. हा शब्द देते तुम्हाला.

तुमच्यावर अजून रागावलेली,
मंजू