सोडलेलं कडवं

रविवार, संध्याकाळ. बडोदे

आज वासण्याला, नणंदेच्या घरी, तिच्या सुनेचं, केतकीचं, डोहाळजेवण झालं. गाणं नेहमीसारखं माझ्याकडे. तेच जुनं, आईच्या काळात घरोघरी म्हणायचे ते. शेवटच्या कडव्यात देवाकडे मुलगा मागतात. ते कडवं मी आज गायलेच नाही.

"वहिनी, शेवटचं राहिलं," नणंद म्हणाली.

"राहिलं नाही, सोडलं."

"जुनं गाणं आहे. शब्द काय मनावर घ्यायचे?"

मग काय घ्यायचं मनावर? माझ्या डोहाळजेवणाला हेच कडवं सगळ्यांनी टाळ्या वाजवत म्हटलं होतं. मुक्ता झाली. दवाखाना नागरवाड्यातल्या घरापासून पंधरा मिनिटांवर, आणि सासूबाई आल्या चौथ्या दिवशी. चाल गोड, म्हणून आपण काय मागतोय ते कुणाला ऐकूच आलं नाही. मीही तीस वर्षं ते कडवं गातच होते ना?

मग झाकलेल्या दोन वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. केतकीने एक उघडली. बर्फी.

"चालो, दुसरी पण उघड," नणंद घाईने म्हणाली.

त्यातही बर्फी. केतकी खुदकन हसली.

"वाट्या कुणी भरल्या?" नणंदेने विचारलं.

"मी," म्हटलं, आणि केतकीला बर्फी भरवली.