शिट्टीबाईंची लाडकी

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. डोकं शांत राहावं म्हणून फक्त.

लेक नऊ वर्षांची. दोन वर्षं झाली जिमनॅस्टिक्सला जाते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पाच ते सात. कोच म्हणजे एक बाई, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मी मनातल्या मनात त्यांना शिट्टीबाई म्हणतो. एप्रिलमध्ये क्लबांच्या स्पर्धा आहेत. टीममध्ये जागा चार.

आज दोन तासांत लेकीला एक शाबासकी नाही. बीमवरून, म्हणजे तोल सांभाळत चालायच्या त्या अरुंद पट्टीवरून, उतरली की एकच शब्द, पुन्हा. नऊ वेळा पुन्हा! आणि ती दुसरी, सारखी उड्या मारणारी, मी तिला स्प्रिंग म्हणतो, ती हातांवरची साधी आडवी कोलांटी, कार्टव्हील, वाकडी मारते तरी व्वा, छान, शाब्बास.

पक्षपात मला लगेच कळतो. बारा वर्षं ड्रायव्हिंगच्या टेस्ट घेतोय. माणूस सीटबेल्ट लावतानाच मला त्याचा निकाल दिसतो.

संकल्प: शांत राहायचं. कोचला काही बोलायचं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
बोललो.

फार नाही. क्लास सुटल्यावर एवढंच विचारलं, की सगळ्या मुलींकडे सारखं लक्ष द्यायची इथे काही पद्धत आहे का. शिट्टीबाई म्हणाल्या, पालकांनी बाकावर बसावं आणि मॅटवर बूट घालून येऊ नये. खाली पाहिलं. मी मॅटवरच होतो. मुद्द्याला बगल कशी द्यायची हे या बाईंकडून शिकावं.

घरी येताना लेक मागच्या सीटवर जाऊन बसली. अन्याय मुलांना आतून लागतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सापडलं! स्प्रिंगची आई नर्स आहे. क्लास संपला की शिट्टीबाईंच्या दुखऱ्या गुडघ्याला पट्टी बांधून देते. पाणी मुरतंय ते इथे.

बायकोला सांगितलं. ती औषधांच्या दुकानात कामाला, तिला गुडघ्यांचं कळतं, खेळातलं ओ की ठो कळत नाही. म्हणते, जिच्याकडून काही होण्यासारखं असतं तिलाच पुन्हा करायला लावतात. मी म्हणालो, मग मी ज्यांना नापास करतो त्यांनी माझे आभार मानायला हवेत. यावर ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. उत्तर सुचलं नाही की ती घड्या घालते.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळी नऊ
निर्णय झाला. लेकीला घरी जादा कोचिंग, मी स्वतः. चार व्हिडिओ पाहिलेत. तंत्र सगळं डोक्यात बसलंय. आज स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय फाकवून थेट जमिनीला टेकायचं.

त्याच दिवशी, अकरा वाजता
स्प्लिटमध्ये खाली गेलो. वर येता आलं नाही. बायको आणि शेजारचे रिटायर्ड मास्तर, दोघांनी काखेत हात घालून उचललं. मास्तरांना हसू आवरत नव्हतं. त्यांच्याकडे यापुढे पेपर मागायला जायचं नाही.

लेक म्हणाली, बाबा, गुडघा वाकवायचा नसतो. उलट बोलायला बरं शिकवतात तिथे.

दुखणं किरकोळ आहे. गरम पाण्याची पिशवी.

११ फेब्रुवारी, बुधवार
बसवत नाही. दिवसभर उभ्याने लिहिलं. सहा जणांची टेस्ट, सहाही नापास. एका आजोबांनी हात जोडले. पण नियम म्हणजे नियम.

सातवा साहेबांचा भाचा. रिव्हर्स घेताना गाडी भिंतीला घासली. पास. याला पक्षपात म्हणत नाहीत. माणसं धरून ठेवावी लागतात. एवढं करूनही प्रमोशनच्या यादीत तीन वर्षं माझं नाव नाही, ते सोडा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
कमाल झाली. लेकीला हॉलच्या पार टोकाच्या बीमवर पाठवलं, खांबामागे. बाकावरून दिसतसुद्धा नाही. शिट्टीबाई पाऊण तास तिथेच ठाण मांडून होत्या. पोरीवर नजर ठेवायला. स्प्रिंगला मात्र मधोमध मॅट, मोकळी सोडलेली, वाट्टेल तसं बागडायला.

माझ्या पोरीला कोपऱ्यात टाकलंय.

संकल्प: वरपर्यंत तक्रार करायची. लेखी.

१८ फेब्रुवारी, बुधवार
तक्रार अर्धी लिहून झाली. मायना जमलाय. कंबर धरली आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी
उशीर होतो, पण न्याय होतो!

आज यादीत अकरावं नाव कोणाचं? शिट्टीबाईंचं. ड्रायव्हिंग टेस्ट. माझ्याच ट्रॅकवर, माझ्याच शेजारच्या सीटवर. गळ्यात शिट्टी नाही. सीटबेल्ट तिसऱ्या प्रयत्नात लागला. आम्ही नारिंगी प्लॅस्टिकचे कोन मांडतो, त्यांच्यामधून गाडी काढायची असते. पहिल्या वळणावर एक पाडला. पार्किंगला दोन. तीन पडले की नापास, त्यात चर्चाच नाही. पेन उचललं. तोंडावर म्हणणार होतो, पुन्हा!

तेवढ्यात डोक्यात उजेड पडला. नर्स पट्टी बांधते. मी का मागे राहावं? पास लिहिलं.

शिट्टीबाई म्हणाल्या, तीन पडले ना? मी म्हणालो, मॅडम, आपल्या माणसांचे मोजायचे नसतात. आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, टीमची यादी शुक्रवारी लागते ना? त्यांनी कागद दोनदा वाचला. मग तो घेऊन गेल्या. समजलं असणार. दिसतात तेवढ्या कडक नाहीत.

तक्रारीचा कागद फाडून टाकला.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
यादी लागली. आमची लेक, पहिलं नाव! स्प्रिंग नाहीच. सगळ्या पट्ट्या पाण्यात.

लेक धावत आली ती सरळ गळ्यातच. हृदय किती जोरात धडधडत होतं तिचं. आमच्या घरात कुणाचं नाव कुठल्याच यादीत पहिलं लागलेलं नाही. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं.

पण जग कसं चालतं हे मुलांना वेळेवर कळलेलं बरं. गाडीत बसल्यावर तिला सगळं सांगितलं. टेस्ट, तीन कोन, पास. म्हणालो, बाबा आहे तोवर काळजी करायची नाही. ती खिडकीची काच वर-खाली करत राहिली. मुलांना आभार मानता येत नाहीत, आपण समजून घ्यायचं.

बायकोलाही सांगितलं. तिने घड्या घातल्या नाहीत. तू हे तिला सांगितलंस, एवढंच म्हणाली.

२ मार्च, सोमवार
बोर्डावर नवी यादी. लेकीचं नाव गायब, त्या जागी स्प्रिंग!

बूट न काढता सरळ मॅटवर गेलो. उपकाराची ही फेड का, म्हणून जाब विचारला. सगळ्या पालकांसमोर. शिट्टीबाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, यादी मी वीस तारखेलाच स्पर्धेच्या ऑफिसात दिली होती, माझ्या टेस्टच्या चार दिवस आधी. तुमच्या मुलीचं नाव पहिलं होतं, कारण तिच्याइतकी बीमवर इथे कुणी टिकत नाही. तुमचा पासचा कागद मी फाडला, पुन्हा टेस्ट द्यायचा फॉर्म भरलाय.

मी विचारलं, मग नाव काढलं कुणी?

म्हणाल्या, तिनेच. आज क्लासच्या आधी आली, म्हणाली ही जागा खरी नाही, बाबांनी मिळवलेली आहे. अर्धा तास समजावलं. रडली, पण ऐकलं नाही.

स्प्रिंगची आई बाकावर होती. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

३ मार्च, मंगळवार
बायको म्हणाली, तू घातलंस तिच्या डोक्यात, तूच काढ.

लेकीजवळ जाऊन बसलो. सगळं सांगितलं. यादी आधीच गेली होती. माझ्यामुळे काही झालेलं नाही. जागा तुझीच होती, तुला खरंच येतं. तीनदा सांगितलं. अजून वेळ आहे, मॅडमना सांग, त्या परत घेतील.

तिने विचारलं, मला येतं हे तुम्हाला कसं कळलं?

म्हणालो, बारा वर्षं हेच करतोय ना बाळा. कुणाला येतं, कुणाला नाही, बाबाला लगेच कळतं.

ती म्हणाली, मॅडमना येत नव्हतं, तरी तुम्ही त्यांना पास म्हणालात.

एवढं बोलून ती दप्तर भरायला गेली.