पोलिमाथिया कोणाच्या घरची

लेस्वोस, १२ जानेवारी १९६१

ती. गारुफालियाताईस, धाकट्या स्तामातियाचा शि. सा. न. वि. वि.

आधी आली विहीण, कॉफीचा वास तिला बरोब्बर लागतो. मग मास्तर, मागून पाद्रीबाबा. मास्तर म्हणाले, आपल्या नातीला, मिर्सिनीला, पोलिमाथिया आहे. जुन्या ग्रीकांचा शब्द गं, म्हणजे पुष्कळ विषयांचं दांडगं ज्ञान. दहा वर्षांची पोर, तारे काय, झाडपाला काय, सगळं तोंडपाठ. आनंदाने मी कॉफीत मीठच घातलं, पण ते असो. मास्तर शहरचे, एवढं कौतुक करून थुंकायचे विसरले. दृष्ट लागेल म्हणून मी पुढे होते, तोच विहिणीने तीनदा थू थू केलं. वर म्हणते, पोरीला नाव माझं, तर डोकंही माझंच. तुमच्याकडे दुसरीच्या पुढे कोण गेलंय? विद्येच्या सणाला हुशार मुलाच्या आजीचे पाच पाव देवळात जातात. ते म्हणे तीच मळणार. आता तूच सांग, पाव कोणी मळायचे?

माया आटू देऊ नकोस.

पिरेअस, १७ जानेवारी

चि. स्तामातियास अनेक आशीर्वाद.

पाव तूच मळ. का, ते सांगते. तू नऊ वर्षांची होतीस, ऑलिव्ह वेचायला गेली होतीस. तेव्हाचे म्हातारे मास्तर अंगणात आले आणि तुझ्याबद्दल बाबांना हाच शब्द बोलले. पुढे शिकवा म्हणाले. बाबांनी मला विचारलं. मी सांगितलं, ती पुस्तकावर झोपते. माझ्याबद्दल कधी कोणी असं बोललं नव्हतं गं. मास्तर रविवारी परत येणार होते. बाबांनी नको म्हणून कळवलं.

रागव, पण लिहायची थांबू नकोस.

लेस्वोस, २४ जानेवारी

ती. ताईस नमस्कार. साष्टांग या खेपेला नाही.

दोन दिवस तुझं नाव घेतलं नाही. शेजारणीची कोंबडी मेली, त्याचंही रडू मी तुझ्यावरच काढलं. मग पत्र घेऊन तडक विहिणीकडे गेले. मिर्सिनीने ते मोठ्याने वाचलं. विहीण मग उठली, माझ्याकडे बघून तीनदा थू थू केलं, आणि आपली परात माझ्या हातात दिली. मोठी आहे, म्हणाली, पाच पावांचं पीठ मावेल.

तू सणाला ये. भांडायचं ते समोर भांडू. मास्तर आणि पाद्रीबाबा पाव न्यायला रविवारी परत येतो म्हणालेत.